अरणगावच्या मौनाचा गाजावाजा

३१ जानेवारी १९६९. नगरच्या उत्तरेला, पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझाद आश्रमात दुपारी सव्वाबारा वाजता मौनी गुरू मेहेरबाबांनी देह ठेवला. देह शहराच्या पलीकडे, दक्षिणेला दौंड रस्त्यावरच्या अरणगावी आणला गेला. तिथल्या टेकडीवर समाधीची खोली कधीचीच तयार होती. हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ साली तिच्या भिंती आतून रंगवल्या होत्या. आठवडाभर दर्शनाची रीघ लागली आणि ७ फेब्रुवारीला देह समाधीत कायमचा झाकला गेला. आरती झाली, प्रार्थना झाल्या. शिवाय बाबांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे एक तबकडीही वाजवली गेली. ती भजनाची नव्हती आणि कव्वालीचीही नव्हती. ते होतं कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकाराचं, १९३५ सालच्या एका ब्रॉडवे नाटकातलं 'बिगिन द बिगीन' हे प्रेमगीत.

वर्षभराने, फेब्रुवारी १९७० मध्ये, बाबांच्या जयंतीच्या निमित्ताने लंडनच्या भक्तमंडळींनी 'हॅपी बर्थडे' नावाची एक तबकडी खासगी वितरणासाठी काढली. तिच्यात हेच गाणं होतं. गाणारा होता पीट टाउनशेंड, 'द हू' या तेव्हाच्या जगप्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचा गीतकार आणि गिटारवादक. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या पाक्षिकात त्याचा एक लांबलचक लेख आला. विषय रॉक नव्हता, गिटार नव्हती. मेहेरबाबांच्या प्रेमात पडलेल्या माणसाने आपल्या गुरूबद्दल लिहिलेला तो लेख होता.

संगीत पत्रकारिता आणि प्रसिद्धी यांचं नातं हा गेल्या पन्नासेक वर्षांत विद्यापीठांतला गंभीर अभ्यासविषय झाला आहे. गाण्याबद्दल लिहिणारा माणूस वाचकाचा की तबकडी कंपनीचा, हा त्यातला मूळ प्रश्न. या अभ्यासाचा नकाशा लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को असा आखलेला असतो. माझ्या मते या प्रश्नाचं एक मोलाचं उत्तर नगर जिल्ह्यात सापडतं. इथे गाणं, छापील पान आणि एखाद्याचं नाव गाजवणं ही तीन कामं सव्वाशे वर्षं एकमेकांत गुंतलेली होती, आणि तीही उघडपणे.

सुरुवात १८४२ सालापासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकन मिशनने नगरमध्ये 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक सुरू केलं. त्याचे पहिले संपादक रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन. हे गृहस्थ मराठीत ख्रिस्ती गीतं रचणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक होते. म्हणजे पत्र चालवणारा, पदं रचणारा आणि धर्माचा प्रसार करणारा माणूस एकच. पुढे नारायण वामन टिळकांनी हीच परंपरा कितीतरी उंचावर नेली. नगर आणि राहुरी ही त्यांची कर्मभूमी. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी केलं, भजनं लिहिली, कीर्तनाचा साचा ख्रिस्ती कथेसाठी वापरला. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात, आणि ती प्रचारासाठी लिहिली होती म्हणून त्यांचं काव्य उणं ठरलेलं नाही.

दुसरं उदाहरण दासगणूंचं. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म १८६८ सालचा, नगर तालुक्यातल्या अकोळनेरचा. अरणगावाहून हे गाव फार लांब नाही; दौंडच्या लोहमार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे. सहस्रबुद्धे पोलिसात नोकरीला होते आणि लावण्या-पोवाड्यांचा त्यांना नाद होता. साईभक्त नानासाहेब चांदोरकरांनी त्यांना शिर्डीला साईबाबांकडे नेलं. पुढे नोकरी सुटली आणि दासगणू कीर्तनकार झाले. शिर्डीच्या फकिराचं नाव ठाण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात नेलं ते प्रामुख्याने त्यांच्या कीर्तनांनी. साईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायात चोळकरांची गोष्ट आहे. ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळात दासगणूंचं कीर्तन ऐकून या गरीब कारकुनाने नवस केला, नोकरी कायम झाल्यावर तो फेडण्यासाठी काटकसर म्हणून चहातली साखर सोडली आणि शेवटी खडीसाखर घेऊन शिर्डी गाठली. एका गाण्याने कितीतरी कोसांवरचा श्रोता खेचून आणला तो असा.

त्याच अध्यायातला आणखी एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. दासगणू एकदा कीर्तनासाठी अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट करून निघाले, तर साईबाबांनी त्यांना तो उतरवायला लावला. तेव्हापासून दासगणू उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहत. ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असे की हा माणूस भक्त आहे, त्याला शिर्डीचं नाव गाजवायचं आहे आणि त्याचं गाणं त्यासाठीच आहे. लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

१९२३ साली 'श्रीसाईलीला' हे मासिक निघालं आणि साईसच्चरित त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मेरवान शेरियार इराणी नावाचा २९ वर्षांचा पुणेकर आपल्या सोबत्यांसह अरणगावला येऊन पोचला. पहिल्या महायुद्धात इथे ब्रिटिश लष्कराची छावणी होती. तिच्या ओसाड इमारती आणि टेकडीवरची पाण्याची टाकी एवढंच शिल्लक होतं.

मेरवान, म्हणजेच पुढचे मेहेरबाबा, हे शिर्डीच्या परंपरेतलंच पुढचं नाव. १९१५ साली ते शिर्डीला साईबाबांना भेटले आणि तिथेच त्यांची उपासनी महाराजांशी गाठ पडली. साकोरीला उपासनींच्या सहवासात ते पुढे राहिले. मुळात मात्र हा तरुण गाण्याचा आणि नाटकाचा. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्स आणि डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच तो 'हुमा' या नावाने कविता करी. आवाज गोड होता. काही काळ त्याने कावसजी खटाऊ यांच्या पारशी नाटक कंपनीत व्यवस्थापक म्हणून नोकरीही केली आणि कंपनीबरोबर लाहोरपर्यंत प्रवास केला. गावोगाव हस्तपत्रकं वाटायची, तिकिटं खपवायची, लोकांची उत्सुकता ताणायची, हा फिरत्या नाटक कंपनीचा रोजचा व्यवहार. मेहेरबाबांच्या चरित्रात ही नोकरी एका ओळीत उरकली जाते. मला ती अधिक मोलाची वाटते. पुढे सगळं आयुष्य प्रसिद्धीशी खेळणाऱ्या या माणसाने तिचं तंत्र अगदी जवळून पाहिलेलं होतं.

१० जुलै १९२५ ला बाबांनी मौन धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ ते बोलले नाहीत. आधी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून, आणि १९५४ मध्ये ती पाटीही सोडल्यावर केवळ हातवाऱ्यांनी त्यांनी संवाद केला. पण न बोलणाऱ्या या माणसाभोवती छापील शब्दांचा ओघ सतत होता. १९२९ मध्ये 'मेहेर मेसेज' निघालं. नोव्हेंबर १९३८ पासून चार वर्षं 'मेहेर बाबा जर्नल' नगरमधून प्रसिद्ध होत होतं. बाबांची प्रवचनं आधी त्यातच छापली गेली. शहरातल्या किंग्ज रोडवरच्या कचेरीतून त्यांचे सचिव आदी के. इराणी परिपत्रकं, तारा, संदेश जगभर धाडत. धाकटी बहीण मणी १९५६ पासून परदेशातल्या भक्तांसाठी नियमाने लांब पत्रं लिहीत असे. नगरसारख्या जिल्ह्याच्या गावातून त्या काळात इंग्रजीत एवढा पत्रव्यवहार आणि एवढं मुद्रण होत होतं, याची नोंद आपल्या पत्रकारितेच्या इतिहासांनी घ्यायला हवी होती.

आणि मग १९३२. त्या वसंतात बाबा लंडनला पोचले तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. चलच्चित्रांच्या बातमीपटासाठी चित्रण झालं. अमेरिकेत मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या नटदांपत्याच्या 'पिकफेअर' बंगल्यावर स्वागत झालं. बाबा जुलैमध्ये हॉलिवूड बाउलच्या प्रचंड खुल्या रंगमंचावर मौन सोडणार अशी घोषणा झाली. पत्रकार वाट पाहत राहिले, आणि बाबांनी वाटेतूनच तार करून कार्यक्रम रद्द केला. ते चीनकडे निघून गेले.

डेव्हॉन पॉवर्स या अमेरिकन अभ्यासिकेने रॉक समीक्षेच्या इतिहासावर आणि 'हाइप' या गोष्टीवर विस्ताराने लिहिलं आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: प्रसिद्धीतून अपेक्षेचं वातावरण तयार होतं, ते एका हातून दुसऱ्या हाती फिरत वाढतं आणि अखेर मूल्याचा पेच उभा राहतो. ज्याचा एवढा बोलबाला झाला, ते खरोखर तेवढ्या मोलाचं आहे का, असा प्रश्न लोक विचारू लागतात. पॉवर्स यांचं मुख्य उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीनचं आहे. जॉन लँडाउ या समीक्षकाने १९७४ साली बॉस्टनच्या एका साप्ताहिकात त्याची अमर्याद स्तुती केली. तबकडी कंपनीने त्या स्तुतीतलं वाक्य जाहिरातीत वापरलं आणि लवकरच लँडाउ स्प्रिंगस्टीनच्या तबकडीचा सहनिर्माता झाला. मला हे वाचताना हॉलिवूड बाउल आठवतो. तिथे अपेक्षा शिगेला पोचवली गेली आणि ज्याच्यासाठी पोचवली त्यानेच ती मोडली. वर्तमानपत्रं चिडली. १९३४ मध्ये पॉल ब्रंटन या इंग्रज पत्रकाराचं भारतातल्या साधुसंतांवरचं पुस्तक आलं. तो स्वतः नगरला येऊन गेला होता आणि त्याने बाबांवर कडक टीका केली. पाश्चात्त्य वृत्तपत्रांतलं त्यांचं नाव त्यानंतर बरंच मागे पडलं.

भारतात मात्र प्रसिद्धीची जुनी वाट चालूच होती. १२ सप्टेंबर १९५४ ला नगरच्या वाडिया पार्कवर बाबांचं सामुदायिक दर्शन झालं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला गाडगे महाराजांच्या निमंत्रणावरून बाबा पंढरपूरला गेले आणि गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या समुदायासमोर बसले. एक मौनी आणि एक अखंड बोलणारा, असे दोघे एका व्यासपीठावर.

इथून पुढची गोष्ट लंडनची. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवातून परतताना विमानात टाउनशेंडने एक जबर मादक द्रव्य घेतलं आणि तो अनुभव इतका भयंकर होता की त्याने त्या वाटेला रामराम ठोकला. त्याच वर्षी माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राने त्याच्या हाती मेहेरबाबांचं चरित्र दिलं. मॅकिनर्नी 'इंटरनॅशनल टाइम्स' या लंडनच्या बंडखोर पत्राची कलाबाजू सांभाळत असे. चरित्र लिहिलं होतं चार्ल्स पर्डम यांनी, आणि तेही मूळचे संपादकच. १९३२ मध्ये 'एव्हरीमन' साप्ताहिक त्यांच्या हाती होतं. अरणगावचं नाव टाउनशेंडपर्यंत पोचवणारे दोन्ही दुवे असे छापखान्यातले आहेत.

त्याआधीच, १९६६ साली, बाबांनी अमेरिकन तरुणांसाठी 'गॉड इन अ पिल?' नावाची पुस्तिका काढवली होती. गोळी खाऊन देव भेटत नाही, एल.एस.डी. शरीराला, मनाला आणि साधनेला घातक आहे, हे तिचं सांगणं. मादक द्रव्यांत बुडत चाललेल्या पिढीला हे आई-बापांनी किंवा पोलिसांनी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. नगरजवळच्या एका मौनी वृद्धाने सांगितलं, आणि ते ऐकणारे निघाले.

ऑगस्ट १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहातल्या कार्यक्रमानंतर 'रोलिंग स्टोन'चा संस्थापक-संपादक यान वेनर याने टाउनशेंडची रात्रभर मुलाखत घेतली. पाक्षिकाला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. त्या बोलण्यात टाउनशेंडने आपण एक संगीतनाट्य (पुढे 'टॉमी' या नावाने आलेलं) रचतो आहोत असं सांगून त्याची गोष्ट तपशिलात उलगडली. एक मुलगा बालपणीच्या धक्क्याने पाहणं, ऐकणं, बोलणं हरवून बसतो आणि जग त्याला केवळ कंपनांतून जाणवतं. गंमत अशी की ही रचना तेव्हा जवळपास कागदावरही नव्हती. मुलाखत सप्टेंबरमध्ये छापून आली, वाचकांत चर्चा झाली, आणि आता जे सांगून टाकलं ते करून दाखवणं भाग होतं. संगीत पत्रकार आधी झालेल्या कलाकृतीवर लिहितो असं आपण समजतो. इथे छापील मुलाखत आधी आली आणि कलाकृती तिच्यामागून.

पुढचा प्रसंग रॉकच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. रचना पूर्ण होत आली असताना ती निक कोन या तरुण समीक्षकाला ऐकवली गेली. त्याला ती जड, गंभीर, अध्यात्माने ओझावलेली वाटली. कोनला पिनबॉल या यंत्रावरच्या खेळाचं वेड आहे हे टाउनशेंडला ठाऊक होतं. दोघे मिळून तो खेळत. आंधळा-मुका-बहिरा मुलगा पिनबॉलचा अजिंक्य खेळाडू असेल तर, असं त्याने विचारलं. मग तर उत्तमच, असा कोनचा कौल पडला. टाउनशेंडने झटपट 'पिनबॉल विझर्ड' लिहिलं. मार्च १९६९ मध्ये ते स्वतंत्रपणे निघालं आणि इंग्लंडच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. समीक्षकाच्या आवडीसाठी आध्यात्मिक कथेच्या मध्यभागी एक खेळयंत्र येऊन बसलं, आणि आज 'टॉमी' म्हटलं की लोकांना तेच आठवतं.

लाच नाही, करार नाही, दोन मित्रांची बोलणी. पण कलाकृती जन्माला येण्याआधीच तिच्या परीक्षणाची सोय झाली. हाच निक कोन पुढे १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांवर एक 'सत्य' वृत्तांत लिहितो, त्यावरून 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट निघतो, आणि १९९० च्या दशकात तो स्वतःच कबूल करतो की त्यातला नायक बव्हंशी काल्पनिक होता.

१ मे १९६९ ला लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात बोलावलेल्या पत्रकारांसमोर 'द हू'ने 'टॉमी' वाजवून दाखवलं. त्याच महिन्यात दुहेरी तबकडी बाजारात आली. वेष्टन मॅकिनर्नीचं होतं. श्रेयनामावलीत इतरांच्या बरोबरीने 'अवतार: मेहेर बाबा' असंही छापलं होतं. अरणगावची समाधी झाकली जाऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. अपंग मुलाची कथा विकायला काढली म्हणून काही परीक्षकांनी तिला विकृत ठरवलं; पण ७ जून १९७० ला तीच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये सादर झाली.

'टॉमी'ची कथा उत्तरार्धात कुठे जाते तेही पाहण्यासारखं आहे. मुलगा बरा होतो, गुरू होतो, अनुयायी गोळा होतात. नातेवाईक त्याच्या नावाने छावणी काढतात, वस्तू विकतात, भक्तांना डोळे-कान-तोंड बांधायला लावतात. शेवटी भक्तच उठाव करतात. म्हणजे मेहेरबाबांच्या प्रेरणेने लिहिलेली रचना गुरूच्या बाजारीकरणाविरुद्ध सावध करते, आणि ती स्वतः एका महाकाय बाजारात विकली जाते. टाउनशेंडला हा ताण दिसत होता, असं मी मानतो. त्याच्या १९७० च्या लेखाकडे त्या नजरेने पाहावं.

'रोलिंग स्टोन'मधला तो लेख मुलाखत नाही. मध्ये कोणी पत्रकार नाही. टाउनशेंड स्वतःच्या नावाने, आपण कसे भरकटलो होतो, बाबांपाशी कसे आलो आणि अजून किती अपुरे आहोत हे सांगतो. त्याच सुमारास लंडनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकात तो स्वतःचं पानही लिहीत होता. तबकड्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या पत्रांत कलाकारच लेखक झाला, तर समीक्षा आणि प्रसिद्धी यांच्यातली भिंत पुरती कोसळली, असा आक्षेप घेता येईल. अभ्यासकांनी या भिंतीची पडझड बारकाईने नोंदवली आहे. पॉल हर्श यांचा १९७२ सालचा शोधनिबंध या विषयाचा एक पाया मानला जातो. कंपन्या खपतील त्यापेक्षा कितीतरी अधिक तबकड्या काढतात, कारण कोणती चालेल ते त्यांनाही कळत नाही. म्हणून त्यांना आधी नभोवाणीचे निवेदक आणि समीक्षक या द्वारपालांना पटवावं लागतं, हे त्यांनी दाखवलं. सायमन फ्रिथ हे समाजशास्त्रज्ञ आणि स्वतः रॉक समीक्षक. १९८१ च्या 'साउंड इफेक्ट्स'मध्ये त्यांनी लिहिलं की माहिती, मुलाखती, तबकड्या, जाहिराती या सगळ्यांसाठी संगीताची पत्रं कंपन्यांवर अवलंबून असतात. कंपन्यांचे प्रसिद्धी विभाग पत्रकारांमधून भरले जातात आणि पत्रांत पूर्वीचे प्रसिद्धी अधिकारी येतात.

आपल्याकडेही ही ये-जा होती. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने 'वसुंधरा' साप्ताहिकात गायक-गायिकांवर जे लिहिलं, त्याने मराठीत संगीतसमीक्षेचा दर्जा ठरवला. तेच भोळे पुढे 'प्रभात' चित्रपट कंपनीत संगीतकार म्हणून गेले आणि १९३६ च्या 'संत तुकाराम'चं संगीत त्यांनी दिलं. पण गायकांवर लिहिताना त्यांनी नाव झाकलं ते कोणाचं हित जपायला नव्हे, तर मोकळेपणाने बोलता यावं म्हणून.

फ्रिथ आणि हर्श यांचं म्हणणं मला पटतं, तरी टाउनशेंडचा लेख मी त्यांच्या चौकटीत बसवणार नाही. 'पिनबॉल विझर्ड'च्या बाबतीत हितसंबंध झाकलेला होता. कोनचं परीक्षण वाचणाऱ्याला त्या बोलण्याची कल्पना नव्हती. नोव्हेंबर १९७० च्या लेखात झाकलेलं काहीच नाही. लिहिणारा भक्त आहे आणि तसं तो शीर्षकातच सांगतो. तो दासगणूंसारखा अंगरखा उतरवून उभा आहे. कीर्तनकाराची ही रीत नगरच्या मातीत केव्हाची रुजलेली होती. लंडनच्या रॉक गायकाला ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तरी तो तिथेच येऊन पोचला.

त्याच्या भक्तीलाही बाजाराने सोडलं नाही. 'हॅपी बर्थडे'च्या मोजक्या प्रती निघाल्या होत्या. त्यांच्या चोरट्या नकला अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा रीतसर तबकडी काढण्याचा आग्रह कंपनीने धरला. त्यातून १९७२ मध्ये 'हू केम फर्स्ट' आली. तिच्यात बाबांना आवडणारं जिम रीव्ह्जचं एक गाणं होतं, आणि बाबांनी १९५३ मध्ये सांगितलेली 'परवरदिगार' प्रार्थना टाउनशेंडने चाल लावून गायली होती. अरणगावच्या समाधीवर रोज म्हटली जाणारी ती प्रार्थना अशी लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानांत पोचली.

त्याच्या आदल्या वर्षीचं 'बाबा ओ'रायली' तर आजही खेळाच्या मैदानांवर वाजतं. शीर्षकातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. बाबांच्या आयुष्याची आकडेवारी यंत्राला भरवून त्यातून ही सुरावट निघाली, असं वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. तशी कल्पना टाउनशेंडची होती खरी, पण तबकडीवर जे ऐकू येतं ते लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनच्या एका तयार सोयीतून आलेलं आहे. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवून घेतलं, आणि दंतकथा पक्की झाली. अनेक ऐकणारे गाण्याचं नावही भलतंच सांगतात, त्यामुळे त्यातले बाबा कोण हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

बाबांवर त्याने एवढं लिहिलं, गायलं, तरी अरणगाव त्याने पहिल्यांदा पाहिलं ते १९७२ मध्ये. १९७६ मध्ये तो पुन्हा आला; त्या भारतभेटीत त्याने गायलेल्या 'ड्राउन्ड' या गाण्याचं ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी लंडनच्या ट्विकनहॅममध्ये थेम्सकाठी त्याने बाबांच्या नावाचं केंद्र उघडलं. बाबांना भेटण्याची संधी मात्र कायमची हुकली होती. ज्या पत्रांनी, पुस्तकांनी आणि मुलाखतींनी त्याला बाबांपर्यंत आणलं, ते सगळं माणूस गेल्यानंतर फळाला आलं.

या सगळ्या प्रवासात नगर हळूहळू गळत गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. किंग्ज रोडवरची कचेरी, चार वर्षं इथून निघालेलं मासिक, वाडिया पार्कवरची गर्दी, साकोरी आणि शिर्डीशी असलेलं नातं, यांपैकी काही रॉकच्या इतिहासांत येत नाही. तिथे बाबा उरतात ते एका अनाम 'भारतीय गुरू'पुरते. प्रसिद्धी नाव दूरवर नेते, पण ते हलकं व्हावं म्हणून गाव वाटेत टाकून देते. दासगणूंच्या कीर्तनाने चोळकरांना शिर्डीला आणून सोडलं होतं. रॉकच्या पानांनी लाखो वाचकांना 'बाबा' हा शब्द दिला, पण त्यांतले फार थोडे दौंड रस्त्यापर्यंत आले.

या प्रवासाचं एक टोक १९८८ साली गाठलं गेलं. बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाने सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी भिंतीवर मेहेरबाबांचा एक चित्रफलक पाहिला होता. खाली बाबांचं तारांतून आणि कार्डांतून भक्तांना नेहमी जाणारं इंग्रजी चार शब्दांचं वचन होतं: काळजी करू नका, आनंदात राहा. त्यावरून त्याने कोणत्याही वाद्याविना, केवळ आपल्या आवाजाचे थर रचून 'डोन्ट वरी, बी हॅपी' गायलं. ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा ग्रॅमी मिळाला. १९८८ हे अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष होतं. थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचारात हे गाणं मॅकफेरिनला न विचारताच वाजवलं जाऊ लागलं. त्याने जाहीरपणे हरकत घेतली, आणि प्रचारवाल्यांना ते गाणं थांबवावं लागलं.